डबा पुन्हा उघडताना
सुटलेल्या नाणेसंग्रहाची दुसरी खेळी

मराठी घरात जुनी नाणी साधारणपणे तीन ठिकाणी सापडतात. देवघरात, लक्ष्मीच्या पुढ्यात ठेवलेला एखादा राणीछाप रुपया. बँकेच्या लॉकरमध्ये, आजीच्या पुतळ्यांशेजारी मऊ फडक्यात बांधलेले दोन-चार कलदार. आणि तिसरे ठिकाण म्हणजे माळ्यावरचा डबा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, जुनी कंपासपेटी किंवा औषधाच्या गोळ्यांच्या बाटल्या. पहिल्या दोन ठिकाणची नाणी वारशाने आलेली असतात. तिसऱ्या ठिकाणची नाणी मात्र घरातल्या कुणीतरी शाळकरी वयात एकेक करून जमवलेली असतात आणि मग कधीतरी तो डबा बंद झालेला असतो.

हा लेख त्या बंद डब्याबद्दल आहे. आपल्या मंडळात निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेली किंवा नुकतीच निवृत्त झालेली बरीच मंडळी आहेत. गप्पा निघाल्या की दहातले दोन-तीन जण तरी सांगतात, "अहो, लहानपणी माझ्याकडे पण होती नाणी. कुठे गेली कोण जाणे." बहुतेकदा ती कुठेही गेलेली नसतात. घरातच असतात आणि वाट पाहत असतात. त्यांच्याकडे परत जावे का, आणि जायचे तर कसे, यावर थोडे सविस्तर लिहितो.

छंद सुटतो, तो का?

आज जे पंचावन्न ते पंचाहत्तर या वयात आहेत, त्यांचे बालपण नाणी जमवायला फार सोयीचे होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. तोवर सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा आणि तीन पैचा पैसा असा हिशोब होता. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. पुढची काही वर्षे जुनी आणि नवी नाणी एकाच पिशवीत फिरत होती. वाण्याकडून परत आलेल्या मोडीत भोकाचा पैसाही असे आणि नवा चौकोनी पाच पैसाही. १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गळला आणि नुसता 'पैसा' राहिला. त्याच वर्षी तीन पैशांचे षट्कोनी ॲल्युमिनियमचे नाणे आले. १९६४ मध्येच पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ रुपया आणि अर्धा रुपया निघाला. १९६८ पासून कमळाचे वीस पैसे आले. ते पिवळे धमक असल्यामुळे त्यात सोने असल्याची वावडी उठली आणि कितीतरी घरांत ते लक्ष्मीपूजनासाठी बाजूला पडले. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीची नाणी आली. सत्तरच्या दशकात धान्याची कणसे, 'अधिक अन्न उगाओ', नियोजित कुटुंब, बालक वर्ष अशा विषयांची नाणी येत राहिली.

म्हणजे खिशात एक पैसा जास्तीचा नसलेल्या मुलालाही नुसत्या खुर्द्यातून चाळीस-पन्नास प्रकार जमवता येत होते. दुकानदाराने दिलेली मोड उलटीपालटी करून पाहायची, नवे वर्ष दिसले की ठेवून घ्यायचे, मित्राशी अदलाबदल करायची. खर्च असा नव्हताच.

छंद सुटण्याची कारणे सर्वांना माहीत आहेत. दहावी-बारावी, कॉलेज, नोकरी, बदल्या, लग्न, दोन खोल्यांचे घर. पण या बाहेरच्या कारणांसोबत एक आतले कारणही असते आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. फुकट मिळणारे सगळे मिळून झालेले असते. वहीत राहिलेल्या रिकाम्या जागा आता विकत घेऊनच भरायच्या असतात आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी ते शक्य नसते. छंद तिथे अडतो, मग अभ्यास येतो आणि डबा माळ्यावर जातो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. लग्न होऊन सासरी जाताना भांडीकुंडी, साड्या, पुस्तके बरोबर गेली. नाण्यांचा डबा माहेरीच राहिला. पुढे भाचरांनी नवा व्यापार खेळताना खोट्या नोटांबरोबर ती खरी नाणी वापरली. आपल्या पिढीतल्या नाणी जमवणाऱ्या मुलींची गणती म्हणूनच कमी होते. त्या नव्हत्या असे नाही, त्यांचे डबे त्यांच्याजवळ राहिले नाहीत.

तेव्हा छंद सुटला म्हणून कुणी मनाला लावून घेण्याचे कारण नाही. तीस-पस्तीस वर्षांची सुट्टी या छंदात चालून जाते. भाताचे पीक एका हंगामात हातचे जाते; नाणी थांबायला तयार असतात. मात्र ती जशीच्या तशी थांबतात असे नाही.

मधल्या काळात डब्यात काय घडले

डबा उघडल्यावर पहिला धक्का बसतो तो हिरव्या रंगाचा. आपल्यापैकी अनेकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिशांचे अल्बम वापरले. त्यातले बरेचसे पीव्हीसीचे होते. हे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे मुरत गेले की त्यातून चिकट द्रव्य बाहेर येते आणि नाण्यावर हिरवट बुळबुळीत थर चढतो. तो वेळीच काढला नाही तर धातू खाल्ला जातो. त्यामुळे परतल्यावर नवीन नाणे घेण्याआधी जुन्या नाण्यांना या खिशांतून बाहेर काढणे, हे पहिले काम.

तांब्याच्या नाण्यांवर दोन प्रकारचे हिरवे दिसते. एक घट्ट, गुळगुळीत, गडद थर असतो. तो नाण्याचे रक्षणच करतो, त्याला हात लावू नये. दुसरे फिकट हिरवे, पिठासारखे भुकटीचे ठिपके असतात. तो रोग असतो आणि दमट हवेत वाढत जातो. असे नाणे लगेच वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. ॲल्युमिनियमच्या हलक्या नाण्यांना दमटपणाने पांढरी भुकटी येते. चांदी काळवंडते ती गंधकामुळे, आणि गंधक येते कुठून, तर गठ्ठा बांधायला वापरलेल्या रबर बँडमधून, वर्तमानपत्राच्या कागदातून, काही वेळा कपाटाच्या लाकडातूनही.

इथे आपल्या घरच्या सवयी आड येतात. जुने तांबे दिसले की हात चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो. देवाची भांडी लखलखीत झाली पाहिजेत, पण नाण्यांना हा नियम लावू नये. घासल्याने वरचा थर जातो, अक्षरांच्या कडा झिजतात, बारीक ओरखडे उठतात आणि संग्राहकाच्या लेखी त्या नाण्याची किंमत उतरते. एकदा गेलेला थर पुन्हा चढत नाही. नाणे मळलेले असले तरी घासू नये. फार तर साध्या पाण्यात भिजवून ठेवावे आणि मऊ सुती कापडाने टिपून पूर्ण वाळवावे. पीव्हीसीचा चिकटा काढायला शुद्ध ॲसिटोन वापरतात. तोही खिडकी उघडी ठेवून, गॅस-निरांजनापासून दूर, आणि नाणे न चोळता.

देवघरातल्या रुपयाचे काय? तो पूजेतच असू द्यावा. हळदकुंकू, दूध, पंचामृत हा त्याचा मान आहे. पण दरवर्षी लक्ष्मीपूजनाला सगळा साठा ताटात मांडून त्यावर हळदकुंकू वाहण्याऐवजी एक रुपया पूजेचा ठरवावा आणि बाकीच्यांना कोरडे राहू द्यावे. दोन्ही गोष्टी साधतात.

मधल्या काळात बाहेर काय घडले

तीस वर्षांनी परतणाऱ्याला बाजारही ओळखीचा वाटत नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. म्हणजे आपल्या पिढीने वाण्याकडून मिळवलेला बहुतेक सगळा खुर्दा आता अधिकृतपणे इतिहासजमा आहे. त्यातली बरीचशी नाणी अमाप संख्येने पाडली गेल्यामुळे त्यांना पैशांत फार मोल नाही, हे सुरुवातीलाच समजून घेतलेले बरे. तीन पैशांचे नाणे पाहून डोळे भरून येतील, पण त्यावर घर घेता येणार नाही.

हे ठासून सांगावे लागते, कारण मोबाइलवर रोज उलट सांगणाऱ्या जाहिराती फिरतात. वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे असेल तर दहा लाख, ट्रॅक्टरची जुनी नोट असेल तर पाच लाख. वैष्णोदेवीची ती नाणी २०१२ सालची, भरपूर निघालेली. या जाहिरातींना भुलून फोन केला की आधी 'नोंदणी शुल्क', मग 'कर', मग 'कमिशन' असे पैसे मागितले जातात आणि नाणे आपल्याच हातात राहते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले होते की, जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. तांदूळ ओढून घेणाऱ्या 'चमत्कारी' तांब्याच्या नाण्यांची भूल तर याहून महागात पडते. असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा. विकत घेणारा आधी पैसे मागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

नकली नाणीही वाढली आहेत. सर्वात जास्त घरांत आढळते ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचे, १८१८ सालचे, राम-सीता किंवा हनुमान असलेले जाड पितळी-तांबडे नाणे. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती नंतर कुणीतरी बनवलेली आहेत. श्रद्धेने ठेवायला हरकत नाही, ऐतिहासिक म्हणून विकत घेऊ नयेत. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, म्हणूनच दुसऱ्या वर्षाचा आकडा कोरून तो 'तयार' केला जातो.

ओळखीच्या काही साध्या खुणा घरी करता येतात. व्हिक्टोरिया ते पाचवा जॉर्ज या काळातला कलदार रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि जवळपास ९२ टक्के चांदीचा असे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा वाघाचा रुपया तर पूर्ण निकेलचा आहे. म्हणून लोहचुंबक जवळ नेले की १९४७ चा रुपया चिकटतो, चांदीचा रुपया चिकटत नाही. राणीछाप म्हणून कुणी दिलेला रुपया चुंबकाला चिकटला, तर पुढे बोलायलाच नको. सराफाकडचा किंवा स्वयंपाकघरातला अर्ध्या-पाव ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि दहा रुपयांचे चुंबक एवढ्यात निम्मी फसवणूक टळते.

मोजायची नाणी, वाचायची नाणी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लहानपणी आपण नाणी मोजत होतो. किती झाली, कोणते वर्ष राहिले, मित्राकडे किती आहेत. मोठेपणी परतल्यावर ही मोजणी फारशी रमवत नाही. अनेकजण डबा उघडतात, आठवणी काढतात आणि पुन्हा बंद करतात, ते यामुळेच. ज्यांचा छंद दुसऱ्यांदा टिकतो, ते नाणी वाचू लागलेले असतात.

माझ्या डब्यात तांब्याचे एक नाणे आहे. शाळेतल्या वहीत त्याची नोंद होती ती 'जुने, तांब्याचे, एक' एवढीच. परतल्यावर भिंग घेऊन बसलो तेव्हा त्यावरची अक्षरे एकेक करून उलगडली. एका बाजूला सयाजीराव महाराजांचे नाव आणि 'सेना खास खेल समशेर बहादूर' हा गायकवाडांचा किताब. दुसऱ्या बाजूला 'सरकार गायकवाड' आणि मधोमध किंमत : 'दोन पैसे'.

हा 'दोन' शब्द जरा थांबून वाचावा. बडोदे संस्थानात प्रजा बहुसंख्येने गुजराती. गुजरातीत दोनाला 'बे' म्हणतात. पण त्या प्रजेच्या हातात फिरणाऱ्या तांब्याच्या नाण्यावर बाळबोध अक्षरांत मराठी 'दोन' होता. आपले पूर्वज इथे कोणत्या नात्याने आले, राजदरबारची भाषा कोणती होती, कारभार कुणाच्या हाती होता, याची साक्ष त्या एका शब्दात आहे. मंडळाच्या व्यासपीठावर आपण 'बडोद्याचे मराठीपण' यावर भाषणे ऐकतो. इथे ते तळहातावर मावते.

गायकवाडांची त्याआधीची नाणीही अशीच बोलकी आहेत. त्यांवर मजकूर फारसी, मोगल बादशहाच्या परंपरेतला. पण त्या फारसी ओळींच्या मध्येच एखाद-दुसरे नागरी अक्षर दिसते : राजाच्या नावाचे आद्याक्षर आणि गायकवाडांचा 'गा'. सत्ता आपली, पण शिक्का दिल्लीच्या नावाने चालवायचा, हा अठराव्या-एकोणिसाव्या शतकाचा सगळा व्यवहार त्या दोन अक्षरांत आहे. सयाजीरावांच्या काळात, १८९० च्या दशकातल्या यंत्रावर पाडलेल्या रुपयावर महाराजांची पगडीसह छबी आली आणि सगळा मजकूर नागरीत आला. विसाव्या शतकाच्या आरंभी बडोद्याचा स्वतःचा बाबाशाही रुपया बंद झाला आणि ब्रिटिशांचा कलदार चालू झाला. म्हणजे नागरी अक्षरांचा हा यंत्रावरचा रुपया फार थोडी वर्षे टिकला. आपल्या आजी-पणजीच्या गाठोड्यात तो सापडला, तर तो नुसता चांदीचा तुकडा नव्हे.

इतर शहरांतल्या आपल्या बांधवांकडेही हेच आहे. इंदूरकरांनी महेश्वरचा रुपया पाहावा. अहिल्याबाईंच्या टांकसाळीतल्या त्या रुपयावर मजकूर शाहआलम बादशहाच्या नावाचा, पण सोबत बेलाचे पान आणि शिवलिंग. मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या रुपयावर सूर्याचा मुखवटा. ग्वाल्हेरच्या तांब्याच्या नाण्यांवर शिंद्यांचा नाग दिसतो आणि किंमत लिहिलेली असते 'पाव' आण्यात. हैदराबादच्या रुपयावर चारमिनार आहे आणि त्याच्या कमानीत निजामाच्या नावाचे पहिले अक्षर : महबूब अली खान यांचे असेल तर मीम, उस्मान अली खान यांचे असेल तर ऐन. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'हाली' आणि 'कलदार' हे दोन शब्द येतात, ते या दोन वेगळ्या रुपयांसाठी. गोव्यातल्या ज्येष्ठांनी तर थोड्या वर्षांत तीन चलने हाताळली. रुपिया आणि तांगा, मग १९५८ नंतर एका रुपियाला सहा या हिशोबाने आलेले एस्कुडो आणि १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया. ही नाणी ज्या घरांत आहेत, त्या घरांत ती वाचू शकणारी माणसेही अजून आहेत. किती वर्षे असतील, हा प्रश्न आहे.

वर्ष वाचण्याची किल्ली सोपी आहे. नाण्यावर विक्रम संवत असेल तर ५७ वजा करावेत. संवत १९४९ म्हणजे साधारण १८९२. शके असेल तर ७८ मिळवावेत. हिजरी वर्ष चांद्रमानाचे असल्याने साधी वजाबाकी चालत नाही, कोष्टक पाहावे लागते. हिजरी १३२१ म्हणजे १९०३-०४.

चलनातल्या नव्या नाण्यांमध्येही वाचण्यासारखे असते. वर्षाच्या खाली पाहावे. चौकट आकाराची खूण असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, टिंब असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. नाण्यांचा तुटवडा पडल्यामुळे १९८५ चा रुपया ब्रिटनमधूनही पाडून आणला होता आणि त्याच्या खुणा वेगळ्या आहेत. नातवंडांना हा खेळ दाखवून पाहा. आजच्या मुलांच्या हातात रोख पैसे फार येत नाहीत, म्हणूनच त्यांना नाण्याचे अप्रूप आपल्यापेक्षा जास्त वाटते.

परतताना काय करावे

आधी काहीही विकत घेऊ नये. पहिले तीन महिने फक्त आहे त्याची मांडणी करावी. परतलेल्या उत्साहात माणूस पहिल्याच प्रदर्शनात पाच-दहा हजार खर्च करतो आणि घरी आल्यावर कळते की त्यातली चार नाणी डब्यात आधीपासूनच होती.

एक वही घ्यावी आणि चार रकाने आखावेत. नाणे कोणते, त्याचे वजन किती, ते कुठे ठेवले आहे आणि ते आपल्याकडे आले कुठून. यातला चौथा रकाना सर्वात मोलाचा. पहिल्या तीन रकान्यांतली माहिती शंभर वर्षांनीही कुणी भरू शकेल. 'आत्याने पंढरपूरहून आणले', 'आजोबांच्या पहिल्या पगारातला रुपया', 'गोव्याला नोकरीत असताना काकांना सुट्ट्या पैशांत मिळाले' हे मात्र फक्त तुम्हालाच माहीत आहे. ते लिहिले गेले नाही तर तुमच्याबरोबर जाईल. जे आठवत नाही तिथे रकाना कोरा सोडावा. अंदाज लिहू नये.

नंतर विषय आवळावा. 'जगातली सर्व नाणी' हा बारा वर्षांच्या मुलाचा विषय आहे आणि त्या वयात तो शोभतो. साठीत एका संस्थानाची तांब्याची नाणी, किंवा १९५७ ते १९६४ या काळातले नये पैसे, किंवा आपल्या जन्मवर्षाची सर्व टांकसाळींची नाणी असा छोटा विषय घ्यावा. तो पूर्ण होण्याची आशा असते आणि खिशालाही झेपतो. विषयाबाहेरची दुबार नाणी मंडळातल्या मुलांना वाटून टाकावीत. त्यांचा डबा तिथून सुरू होईल.

ठेवण्यासाठी आम्लरहित कागदाची पाकिटे किंवा पॉलिएस्टरची पाकिटे घ्यावीत, पीव्हीसीची नकोत. एका पाकिटात एकच नाणे. नाणे नेहमी कडेने धरावे. बोटांच्या घामाचे ठसे तांब्यावर कायमचे उमटतात. कपाटात कोरडी जागा निवडावी आणि पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

शिकायचे असेल तर जागा आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत एक तास काढता येतो. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय आहे. हैदराबादला सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत आता संग्रहालय झाले आहे. मराठा टांकसाळींवर माहेश्वरी आणि विगिन्स यांचा 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज' हा १९८९ चा इंग्रजी ग्रंथ अभ्यासक आजही हाताशी ठेवतात.

पुढे कुणाकडे?

हा प्रश्न टाळता येत नाही. संग्राहक गेल्यावर डब्याचे काय होते, ते आपण पाहतो. माझ्या माहितीतल्या एका घरात आजोबांच्या पश्चात चांदीचे रुपये सराफाकडे गेले. काट्यावर पडले, वजन झाले, मोडीच्या भावाने पैसे आले. त्यात नागरी अक्षरांचे बडोद्याचे रुपयेही होते. तांब्याची नाणी जुन्या पितळी भांड्यांबरोबर गेली. यात वाईट कुणीच वागले नाही. मुलांना काय आहे ते माहीत नव्हते आणि सराफाने त्याचा व्यवसाय केला. चांदीचा भाव चढला की असे रुपये आणखी वेगाने वितळतात. वितळलेला रुपया पुन्हा 'सरकार गायकवाड' म्हणत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टीही घरात सांगून ठेवाव्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि परवान्याविना ती देशाबाहेर नेता येत नाहीत. आपली अर्धी मुले अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. "जाताना आजोबांचे रुपये घेऊन जा" हे प्रेमाने म्हटलेले वाक्य विमानतळावर महागात पडू शकते. नये पैसे खुशाल न्यावेत, संस्थानी रुपया इथेच राहू द्यावा. दुसरी गोष्ट जुन्या वाड्यांची. वाडा पाडताना किंवा पाया खणताना जमिनीत नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीच्या अशा सापडीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लपवणे हा गुन्हा आहे.

या अडचणीत एक सोयही दडलेली आहे. मुले परदेशी असली तर नाणी इथेच कुणाच्या तरी हाती द्यावी लागणार. मग ती भाच्याला, शेजारच्या हौशी मुलीला, शाळेला किंवा संग्रहालयाला देता येतील. देणाऱ्याने हयातीतच, वहीसकट द्यावीत. वहीशिवायचा संग्रह म्हणजे नावे न लिहिलेला फोटोंचा अल्बम. सगळे चेहरे आहेत, कोण कोण ते सांगायला कुणी नाही.

म्हणून परतण्यासाठी निवृत्तीची, मोठ्या घराची किंवा भरपूर पैशांची वाट पाहू नये. या सुट्टीत माळ्यावरचा डबा खाली उतरवावा. माहेरी असेल तर भावाला फोन करून विचारावे. सगळा उपसू नये. एकच नाणे घ्यावे, उजेडात धरावे, भिंगातून त्यावर काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचावे आणि घरातल्या लहानग्याला पाकिटावर ते लिहायला सांगावे : नाणे कोणते, वजन किती आणि ते आपल्या घरी कुणी आणले.